आयर्लंडहून जे-वनवर अमेरिकेत: उन्हाळी कामाला निघालेल्या आपल्या मुलामुलींसाठी

आयर्लंडमध्ये कॉलेजला जाणाऱ्यांच्या तोंडी ऑक्टोबर उजाडला की एकच विषय असतो: पुढच्या उन्हाळ्यात जे-वनवर, म्हणजे अमेरिकेत तात्पुरतं काम करू देणाऱ्या व्हिसावर, कोण कोण जाणार? आयरिश घरांत यात नवल नाही. कुणाची मावशी कधीकाळी बोस्टनला हॉटेलात कामाला होती, कुणाचा मोठा भाऊ सॅन दिएगोला राहून आलेला असतो. त्यांना जेवणाच्या टेबलावरच सगळी माहिती मिळते. आपल्या मराठी घरांत मात्र अमेरिका म्हटलं की नोकरीचा एच-वन आणि शिक्षणाचा एफ-वन व्हिसा. पुण्यातल्या दादाला किंवा न्यू जर्सीतल्या काकांना विचारलं, तर ते मनापासून सांगतात, पण त्यांचा अनुभव वेगळ्या व्हिसाचा असतो.

मी प्राथमिक शाळेत असताना आईबाबांबरोबर नाशिकहून आयर्लंडला आले. कॉलेज डब्लिनला. एक उन्हाळा मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केप कॉडवरच्या हॉटेलात काम केलं, पुढच्या उन्हाळ्यात बोस्टनला इंटर्नशिप केली. त्यानंतर दर हिवाळ्यात ओळखीतल्या कुणा ना कुणाचा फोन येतो आणि प्रश्न तेच असतात, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

सुरुवातीलाच सांगते. व्हिसाची काळजी घरातले सगळेच करतात, राहायच्या जागेची फारसं कुणी करत नाही. व्हिसाची वाट ठरलेली आहे, त्या वाटेने गेलं की बहुतेकांना तो मिळतो. उन्हाळा बिघडतो तो घरामुळे. म्हणून खालची सहावी पायरी सगळ्यात लांब आहे. घाईत असाल तर ती आधी वाचा.

१. उन्हाळी काम की इंटर्नशिप, हे आधी ठरवा

जे-वन हा एकच व्हिसा असला तरी त्यात प्रकार बरेच आहेत. कॉलेजातल्या मुलांच्या कामाचे दोन.

पहिला ‘समर वर्क अँड ट्रॅव्हल’. पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, जास्तीत जास्त चार महिन्यांचा. हॉटेल, रेस्टॉरंट, आइस्क्रीमचं दुकान, समुद्रकिनाऱ्यावरची कामं यात येतात. काही कामांना सक्त मनाई आहे: कुणाच्या घरी घरकाम किंवा मुलं सांभाळणं, गाडी चालवणं, बांधकाम, कारखान्यातलं काम, फक्त कमिशनवरची विक्री, आणि मुख्यतः रात्री दहा ते सकाळी सहा या वेळातली पाळी. एखाद्या ओळखीच्या कुटुंबाने ‘आमच्याकडेच राहा, मुलांना सांभाळ, आम्ही पैसे देऊ’ असं म्हटलं, तर प्रेमाने नाही म्हणा.

दुसरा ‘इंटर्न’. यात काम तुमच्या अभ्यासाशी निगडित लागतं. शिकत असताना जाता येतं किंवा पदवीनंतर बारा महिन्यांच्या आत. इथला कळीचा कागद म्हणजे डीएस-७००२. तुम्ही काय शिकणार, कुणाच्या हाताखाली, कोणत्या टप्प्यात आणि किती पैशांवर, हे सगळं त्यात लिहून कंपनी सही करते. आठवड्याला किमान ३२ तास काम हवं आणि फायली लावण्यासारखं कारकुनी काम २० टक्क्यांहून जास्त चालत नाही. कंपनीत २५ पेक्षा कमी माणसं असतील किंवा वार्षिक उलाढाल ३० लाख डॉलरच्या खाली असेल, तर स्पॉन्सर (जे-वनसाठी मध्ये लागणारी मान्यताप्राप्त संस्था) तिथे जाऊन जागा पाहतो. त्यात वेळ जातो. छोट्या स्टार्टअपमध्ये जाणार असाल तर हे हिशेबात धरा.

पदवी झालेल्यांसाठी आयर्लंडचा वर्षभराचा वेगळा जे-वनही आहे. तो या लेखात घेत नाही.

एक मोठा खड्डा इथेच आहे. आयरिश पासपोर्टवर व्हिसाशिवाय, नुसत्या एस्टावर, म्हणजे ऑनलाइन मिळणाऱ्या प्रवास-परवानगीवर, अमेरिकेत फिरायला जाता येतं. त्यामुळे ‘इंटर्नशिप बिनपगारी आहे, एस्टावरच जाऊ’ असं मुलं म्हणतात, कधी कधी कंपनीही म्हणते. तसं करू नका. पगार नसला तरी ते कामच धरलं जातं, आणि एकदा विमानतळावरून परत पाठवलं की पुढच्या प्रत्येक अर्जात ते लिहावं लागतं.

२. कॅलेंडर उलटं मोजा

तुम्हाला थेट दूतावासाकडे जाता येत नाही. मध्ये अमेरिकी सरकारने मान्यता दिलेला स्पॉन्सर लागतो आणि आयर्लंडमध्ये त्याच्यापर्यंत पोचवणाऱ्या एजन्सी आहेत. यूसिट आणि सेयिट ही दोन नावं कॉलेजात सगळ्यांना माहीत असतात. नोंदणी शरद ऋतूत सुरू होते. ख्रिसमसच्या आधी नोंदणी करा, जानेवारी-फेब्रुवारीत काम शोधा, एप्रिलपर्यंत मुलाखत उरका. मे महिना परीक्षेचा.

पूर्वी आयरिश मुलं काम हातात नसताना जायची आणि तिथे पोचून दुकानोदुकानी विचारत फिरायची. २०१६ च्या उन्हाळ्यापासून ते बंद झालं. आता काम आधी लागतं, मग व्हिसा. तुमच्या मित्राचा मोठा भाऊ ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणत असेल, तर तो जुन्या दिवसांबद्दल बोलतो आहे.

काम कबूल करताना दोन तारखा नीट पाहा. अमेरिकेतला हंगाम सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला संपतो आणि मालकांना तुम्ही तोपर्यंत हवे असता. आपली कॉलेजं सप्टेंबरमध्येच उघडतात. काही ठिकाणी शेवटपर्यंत थांबणाऱ्यालाच बोनस मिळतो, तेव्हा शेवटचा दिवस कोणता हे ऑफर लेटरवर लिहून घ्या. दुसरी तारीख रिपीट परीक्षांची. त्या ऑगस्टमध्ये असतात. एखादा विषय डळमळीत वाटत असेल, तर परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

३. कागदपत्रांची फाइल

एक साधी प्लास्टिकची फाइल करा आणि प्रत्येक कागदाचा फोटो आईबाबांच्या फोनमध्येही ठेवा.

– पासपोर्ट, परतल्यावरही किमान सहा महिने चालेल असा
– कॉलेजचं पत्र: पूर्णवेळ विद्यार्थी आहात आणि सप्टेंबरमध्ये कोणत्या वर्षाला परतणार
– सही केलेलं ऑफर लेटर; इंटर्न असाल तर डीएस-७००२ सुद्धा
– डीएस-२०१९, तुम्ही जे-वनला पात्र आहात असं सांगणारा स्पॉन्सरचा मूळ कागद. तुमची सही हवी
– सेविस (अमेरिकी सरकारची परदेशी विद्यार्थ्यांची नोंद) शुल्काची पावती. उन्हाळी कामासाठी ३५ डॉलर, इंटर्नसाठी २२० डॉलर
– डीएस-१६० या ऑनलाइन व्हिसा अर्जाचं बारकोडचं पान
– व्हिसा शुल्क १८५ डॉलर भरल्याचा पुरावा
– दोन इंच बाय दोन इंच फोटो, चष्म्याशिवाय. आयरिश पासपोर्टचा फोटो वेगळ्या मापाचा असतो, फोटोवाल्याला ‘अमेरिकन व्हिसासाठी’ असं स्पष्ट सांगा
– विम्याचा कागद
– पहिले काही आठवडे पुरतील एवढे पैसे असल्याचं बँक स्टेटमेंट

शुल्कं बदलत राहतात. भरण्यापूर्वी त्या दिवशीचा आकडा दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी आपल्याला या कार्यक्रमात घेतात का, हे नोंदणीच्या आधीच एजन्सीला लेखी विचारून घ्यावं. तुमचं आयआरपी कार्ड (आयर्लंडमध्ये राहण्याचा परवाना) परतीच्या तारखेनंतरही चालू असेल याची खात्री करा, नाहीतर परत येताना डब्लिनलाच अडकाल.

४. डीएस-१६० आणि आपल्या नावांचा घोळ

हा भाग तुम्हाला आयरिश मित्र सांगू शकणार नाहीत, कारण त्यांना हा प्रश्न पडतच नाही.

आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत. बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर पहिल्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं एकत्र असतात. कॉलेजच्या नोंदीत मात्र फक्त पहिलं नाव, आणि एजन्सीच्या फॉर्मवर मुलं घाईत तेच टाकतात. मग डीएस-२०१९ वर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, तिकिटावर तिसरं. नियम एकच ठेवा: पासपोर्टच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळींत जे आहे, तेच सगळीकडे. आईबाबांनी मुलीचं नाव पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट घातलं असेल, तर तिचं सोशल सिक्युरिटी कार्डही (पगार आणि करासाठी लागणाऱ्या सरकारी नंबरचं कार्ड) तसंच येईल आणि मालकाकडची नोंदही तशीच हवी.

दुसरा मुद्दा राष्ट्रीयत्वाचा. सध्याच्या राष्ट्रीयत्वाशिवाय आणखी कोणतं आहे किंवा पूर्वी होतं का, असा प्रश्न डीएस-१६० वर आहे. आयरिश नागरिक होण्याआधी तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट होता ना? मग उत्तर ‘हो’. ‘आता तर आम्ही आयरिश आहोत’ म्हणून ‘नाही’ लिहिणारे मी पाहिलेत. मनात खोट नसते, पण जन्मस्थान नाशिक किंवा सांगली लिहिलेलं असताना ते उत्तर विसंगत दिसतं.

गेल्या पाच वर्षांतले प्रवासही विचारतात. गणपतीला आणि लग्नाकार्याला झालेल्या भारताच्या फेऱ्या त्यात येतात.

समाजमाध्यमांवरची गेल्या पाच वर्षांतली खाती फॉर्मवर द्यावी लागतात. जून २०२५ पासून जे व्हिसासाठी ती खाती सगळ्यांना दिसतील अशी खुली ठेवायलाही सांगतात. एखादं जुनं, विसरलेलं खातं असेल तर तेही आठवून लिहा.

फॉर्म भरताना अर्जाचा क्रमांक लगेच टिपून ठेवा. पान थोडा वेळ तसंच राहिलं की बंद पडतं आणि क्रमांक नसेल तर पुन्हा श्रीगणेशा.

५. मुलाखत

अमेरिकेचा दूतावास डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागात आहे, ती गोल इमारत बसमधूनही ओळखू येते. लॅपटॉप, मोठी बॅग नेऊ नका. बरीचशी वेळ रांगेत जाते, खिडकीपाशी बोलणं थोडकंच होतं.

अधिकाऱ्याला दोनच गोष्टी पाहायच्या असतात. काम खरं आहे का, आणि तुम्ही परत येणार का. कोणतं हॉटेल, काय काम, कुठे राहणार, काय शिकता, कधी परतणार: प्रत्येक प्रश्नाला एक-दोन वाक्यांत उत्तर द्या. अमेरिकेत नातेवाईक आहेत का विचारलं तर खरं सांगा. काका न्यू जर्सीत एडिसनला असणं हा गुन्हा नाही, लपवणं मात्र अंगाशी येतं. ‘पुढे तिथेच स्थायिक व्हायला आवडेल’ असं उत्साहाच्या भरात बोलू नका. हा व्हिसा परत येणाऱ्यांसाठी आहे.

मुलाखतीच्या वेळी कामगारांच्या हक्कांबद्दलचं एक पत्रक मिळतं, त्याला विल्बरफोर्स पत्रक म्हणतात. कचऱ्यात टाकू नका. पगार बुडवला, पासपोर्ट काढून घेतला, धमकावलं तर कुठे फोन करायचा ते त्यात छापलेलं आहे.

६. घर

केप कॉड, नॅन्टकेट, मोंटॉक, मेरीलँडमधलं ओशन सिटी ही सगळी सुट्टीची गावं. जून ते ऑगस्ट तिथे एकेका खोलीला सोन्याचा भाव असतो, आणि त्याच खोल्यांसाठी बल्गेरिया, रोमेनियातली मुलंही धडपडत असतात. म्हणून कामाची ऑफर तोलताना ताशी पगार पाहण्याआधी एक प्रश्न विचारा: राहायची सोय मालक देतो का? देत असेल तर आठवड्याला किती कापणार, एका खोलीत किती जण, स्वयंपाकघर आहे का, कामापासून किती लांब, काम सुटलं तर किती दिवसांत खोली सोडायची? ताशी एक-दोन डॉलर कमी मिळाले तरी जागेसकट काम मिळत असेल तर ते घ्या. माझं हे मत ठाम आहे आणि ते अनुभवातूनच झालं आहे.

मालकाकडे सोय नसेल तर दोन फसवणुकी ओळखून ठेवा. पहिली: फोटो सुंदर, भाडं कमी, मालक ‘सध्या परदेशात’ आणि डिपॉझिट आत्ताच पाठवा म्हणतो. जागा कुणीतरी प्रत्यक्ष किंवा निदान व्हिडिओ कॉलवर, खिडकीतून बाहेरचा रस्ता दाखवत पाहिल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नका. तो रस्ता नकाशावर जुळवून पाहा. दुसरी जास्त सर्रास चालते: घर खरं, पण सहा जणांच्या घरात पंधरा जण. भाडं वाटून कमी येतं म्हणून सगळे खूश असतात. मग शेजारी तक्रार करतात, नगरपालिकेचा माणूस येतो आणि ऐन चार जुलैच्या गर्दीत सगळे रस्त्यावर येतात.

गर्दीचा धोका बेघर होण्यापुरता नाही. १६ जून २०१५ ला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये वाढदिवसाला जमलेल्या मुलांच्या पायाखाली बाल्कनी कोसळली. सहा जण गेले, त्यांतले पाच आयर्लंडहून जे-वनवर आलेले विद्यार्थी, सहावी आयरिश-अमेरिकी मुलगी. सात जण गंभीर जखमी झाले. पाणी मुरून आतलं लाकूड कुजलं होतं, वरून काही दिसत नव्हतं. पुढे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा बाल्कन्यांची नियमित तपासणी सक्तीची केली. डब्लिनमधली प्रत्येक आई मुलगा जे-वनला निघाला की हे आठवते. चूक त्या मुलांची नव्हतीच. तरी तुम्ही लाकडी बाल्कनीवर घोळका करू नका, कुणी चेष्टा केली तरी. खोलीला बाहेर पडायची दुसरी वाट आणि चालू असलेला धुराचा अलार्म आहे का तेही पाहा.

मॅसॅच्युसेट्समध्ये कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे, तो माहीत असू द्या. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. मालकाने ते वेगळ्या, व्याज देणाऱ्या बँक खात्यात ठेवून त्याची पावती द्यायची असते आणि तुम्ही खोली सोडल्यावर तीस दिवसांत हिशेब करून परत करायचं असतं. आत शिरल्या दिवशी भिंतीवरचे डाग, गादी, फ्रिज यांचे फोटो काढून मालकाला ईमेल करा.

बोस्टन शहराचं गणित निराळं आहे आणि इंटर्नना ते सोयीचं पडतं. तिथले बहुतेक करार १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असे असतात. मे संपला की विद्यार्थी घरी जातात, त्यांच्या खोल्या तीन महिने रिकाम्या पडतात आणि ते पोटभाड्याने देतात. ऑल्स्टन, मिशन हिल भागात अशा खोल्या मार्च-एप्रिलपासून दिसू लागतात. मूळ करारात पोटभाड्याला परवानगी आहे का ते विचारून घ्या. शिवाय काही विद्यापीठं उन्हाळ्यात आपली वसतिगृहं इंटर्नना देतात. ती थोडी महाग पडतात, पण फसवणूक नाही आणि गादीसकट खोली तयार. पहिल्यांदाच एकटीने राहणार असाल तर मी तीच सुचवेन. परतीची तारीख ३१ ऑगस्टच्या आतलीच ठरवा. १ सप्टेंबरला अर्धं बोस्टन एकाच दिवशी घर बदलतं आणि त्या आठवड्यात राहायला जागा मिळणं मुश्कील.

एवढं करूनही जागा बिनसलीच तर पहिला फोन स्पॉन्सरला. मुलं आधी मित्रांना, मग आईला फोन करतात आणि स्पॉन्सरला आठवड्याने. मदत करणं ही स्पॉन्सरची जबाबदारीच आहे. बोस्टनला आयरिश वकिलात आहे, न्यू इंग्लंड मराठी मंडळही आहे. पाठ टेकायला जागा मिळेपर्यंत आपल्या माणसांना विचारायला लाजू नका.

७. अमेरिका डब्लिनच्या विमानतळावरच सुरू होते

डब्लिन आणि शॅनन विमानतळांवर अमेरिकी अधिकारी बसतात. पासपोर्टवरची नोंद इथेच होते आणि बोस्टनला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे सरळ बाहेर पडता. म्हणून विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर लवकर जा. डीएस-२०१९ हातातल्या बॅगेत हवा. तो चेक-इन केलेल्या सूटकेसमध्ये गेला तर पंचाईत.

खाण्याचे पदार्थ विचारतात. मांस, ताजी फळं, भाज्या आणि बियाणं नेऊ नका. आईने बांधून दिलेला चिवडा, गोडा मसाला, मेतकूट असेल तर ‘खाण्याचे पदार्थ आहेत’ असं सांगा. सांगितल्याने दंड होत नाही, न सांगता सापडलं तर होतो.

८. पोचल्यावरचे पहिले दिवस

क्रम महत्त्वाचा आहे.

आधी स्पॉन्सरच्या पोर्टलवर हजेरी लावा आणि राहण्याचा पत्ता द्या, दहा दिवसांच्या आत. पुढे पत्ता बदलला तरी दहा दिवसांत कळवायचं. ही हजेरी लागली नाही तर व्हिसाची नोंद सुरूच होत नाही.

मग सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावरून आय-९४, म्हणजे अमेरिकेत शिरल्याची नोंद, काढून छापून घ्या. त्यात नाव आणि ‘जे-वन’ बरोबर आहे ना, पाहा.

हजेरीनंतर काही दिवस थांबून सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जा. लगेच धावत गेलात तर तुमची नोंद त्यांच्या संगणकावर आलेली नसते. पासपोर्ट, डीएस-२०१९, आय-९४ आणि मालकाचं किंवा स्पॉन्सरचं पत्र न्या. कार्ड टपालाने येतं, त्यामुळे टपालपेटीवर तुमचं नाव चिकटवा. ही साधी गोष्ट राहून जाते आणि पत्र परत जातं. नंबर येईपर्यंत काम करता येतं. ‘नंबर नाही म्हणून पगार नाही’ असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे.

कामावर आय-९ हा, काम करायची परवानगी तपासणारा फॉर्म असतो. त्यातला तुमचा भाग पहिल्या दिवशीच भरायचा आणि कागदपत्रं रुजू झाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत दाखवायची.

केप कॉडवर बस कमी, म्हणून सगळे जुनी सायकल घेतात. इथे एक खरा धोका आहे. आयर्लंडमध्ये आणि भारतातही आपण डावीकडून चालवतो, तिथे उजवीकडून. दिवसा लक्षात राहतं. रात्री अकराला पाळी संपवून थकलेलं असताना, चौकात वळताना शरीर आपोआप डावीकडे जातं. पुढे-मागे दिवा आणि हेल्मेट असल्याशिवाय निघूच नका.

९. काम आणि पगार

पहिला पगार हातात यायला दोन-तीन आठवडे लागतात. तोपर्यंतचं भाडं, डिपॉझिट, सायकल, किराणा हे सगळं घरून आणलेल्या पैशांतून होतं.

पगारातून किती कर कापायचा ते ठरवणाऱ्या डब्ल्यू-४ या फॉर्मवर तुम्ही अनिवासी आहात हे नोंदवायचं असतं. तिथे एनआरए (नॉन-रेसिडेंट एलियन) ही अक्षरं लिहितात. हिशेब बघणाऱ्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही. पहिली पगारपट्टी आली की ‘सोशल सिक्युरिटी’ आणि ‘मेडिकेअर’ या दोन ओळी शोधा. त्या ६.२ आणि १.४५ टक्क्यांच्या असतात आणि जे-वनवरच्या अनिवासी विद्यार्थ्याला लागू नाहीत. कापले असतील तर शांतपणे, पण लगेच सांगा. जूनमध्ये सांगितलं तर पुढच्या पगारात दुरुस्त होतं, घरी आल्यावर सांगितलं तर अर्जफाटे करत बसावं लागतं. केंद्राचा आणि राज्याचा आयकर मात्र कापला जातो, ते बरोबरच आहे.

टिपवर चालणाऱ्या कामात मूळ ताशी दर फार कमी असतो. केंद्राच्या कायद्याने तो २.१३ डॉलरही असू शकतो, मॅसॅच्युसेट्समध्ये त्याहून जास्त आहे. टिप धरूनही राज्याचं किमान वेतन पुरं झालं नाही, तर फरक मालकाने भरायचा असतो. रोजचे तास आणि टिप फोनमध्ये लिहून ठेवा. हाउसकीपिंग मिळालं तर नाराज होऊ नका. शनिवारी, पाहुणे बदलण्याच्या दिवशी एकेक गादी उचलून चादरीचे कोपरे ओढताना कंबर मोडते, पण तास पक्के असतात आणि पावसाने काम थांबत नाही.

दुसरं काम धरायचं असेल तर उन्हाळी कामाच्या प्रकारात स्पॉन्सरची परवानगी घेऊन ते करता येतं. इंटर्नला ठरलेल्या कंपनीबाहेर काम करता येत नाही, शनिवार-रविवारीही नाही.

१०. आजारपण, आणि व्हिसा घालवणाऱ्या दोन गोष्टी

जे-वनला विमा सक्तीचा आहे, प्रत्येक आजाराला किंवा अपघाताला किमान एक लाख डॉलरचा. पाय मुरगळला, ताप आला तर ‘अर्जंट केअर’ दवाखान्यात जा. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीचं बिल कित्येक पटींनी जास्त येतं. जिवावरचं असेल तर मात्र पैशांचा विचार न करता ९११. नेहमीची औषधं, दम्याचा पंप वगैरे उन्हाळाभर पुरेल एवढं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट घेऊन जा.

आयर्लंडमध्ये अठराव्या वर्षी पबमध्ये जाता येतं, अमेरिकेत एकविसाव्या. पलंगाखाली खोटं ओळखपत्र ठेवणारी मुलं दर उन्हाळ्यात असतात. पकडलं गेलं तर प्रकरण दंडावर थांबत नाही, व्हिसाही जाऊ शकतो. तसंच गांजाचं. मॅसॅच्युसेट्स आणि कॅलिफोर्नियात दुकानात राजरोस विकतात, पण केंद्राच्या कायद्याने तो गुन्हाच आहे आणि व्हिसा केंद्र सरकारचा असतो. आईबाबांनी हे मुलांशी निघण्यापूर्वी मोकळेपणाने बोलावं. न बोलल्याने काही टळत नाही.

११. परतताना, आणि पुढच्या वसंतात

कामाची मुदत संपल्यावर तीस दिवस फिरायला मिळतात. त्या दिवसांत काम करायचं नाही, आणि कॅनडा किंवा मेक्सिकोला जाऊन त्याच व्हिसावर परत आत येता येत नाही. नायगारा बघायचा तर अमेरिकेच्या बाजूने बघा.

शेवटच्या पाळीला मालकाला आयर्लंडचा पत्ता लिहून द्या, आयरकोडसकट (आयरिश पिनकोड). डब्ल्यू-२ हा कराचा कागद जानेवारीअखेर निघतो. तो केप कॉडवरच्या त्या घराच्या पत्त्यावर गेला तर तिथे तो घ्यायला कुणी नसतं.

विवरणपत्र १५ एप्रिलपर्यंत: १०४०-एनआर हा अनिवासींचा फॉर्म आणि त्याबरोबर ८८४३ हा फॉर्म. अमेरिकेतले लोक जे कर-सॉफ्टवेअर वापरतात ते बहुधा रहिवाशांचा फॉर्म भरतं, तो तुमचा नाही. स्पॉन्सर अनिवासींसाठीचं सॉफ्टवेअर सुचवतो, ते घ्या. इथे भारतातून एफ-वनवर गेलेल्या चुलतभावाचा सल्ला हमखास चुकतो. तो म्हणेल, ‘स्टँडर्ड डिडक्शन घे.’ त्याला ती ठरावीक रकमेची करवजावट मिळते, कारण भारत आणि अमेरिका यांच्या कर-कराराच्या २१व्या कलमात अमेरिकेला जाण्याआधी भारताचे रहिवासी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी तशी तरतूद आहे. तुम्ही आयर्लंडचे रहिवासी म्हणून गेलात, तुम्हाला ती लागू नाही, मग जन्म नाशिकचा का असेना.

राज्याचं विवरणपत्र वेगळं भरायचं असतं. मॅसॅच्युसेट्समध्ये काम केलं असेल तर तिथल्या अनिवासींचा फॉर्म. कापलेल्यातला काही भाग परत मिळण्यासारखा असेल, तर तो चेकने येऊ शकतो आणि अमेरिकी चेक आयरिश बँकेत वटवणं वेळखाऊ असतं. म्हणून तिथलं बँक खातं सप्टेंबरमध्ये बंद करू नका. महिन्याचं शुल्क नसलेलं विद्यार्थी खातं असेल तर ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालू ठेवा आणि परताव्यासाठी त्याचाच क्रमांक द्या.